खांबाचा पाय



नांदेडबाहेर आमचा एक छोटा प्लॉट आहे. गेल्या महिन्यात मुलाने तिथे लाकडी मांडव घालायचं काढलं. हल्ली त्याला पर्गोला म्हणतात. शिवाय दोन बाजूंना लाकडी खांबांचं कुंपण. मिस्त्री आला, जागा पाहिली आणि म्हणाला, "काकू, दोन फूट खड्डा, त्यात खांब उभा करायचा, वरून काँक्रीट. जन्मभर हलणार नाही." मी म्हटलं, "हलणार नाही हे खरं, पण कुजेल. मांडवाचे खांब दगडावर उभे करा."

मिस्त्री हसला. मुलगाही हसला, म्हणाला, आई बी.कॉम. आहे, सिव्हिल नाही. सूनबाई मात्र हसली नाही. संध्याकाळी स्वयंपाक करताना तिने विचारलं, "आई, दगडावर का?" तिला सांगायला बसले आणि लक्षात आलं की ही गोष्ट मी तीस वर्षांत कुणालाच पुरती सांगितलेली नाही. म्हणून आज इथे लिहिते आहे.

माझं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही. घर माळवदाचं. तुमच्यापैकी ज्या लातूर, धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद), नांदेड भागातल्या आहात त्यांना माळवद सांगायला नको, पण आपल्या मुली फ्लॅटमध्ये वाढल्या, त्यांच्यासाठी सांगते. बाहेरून दगडमातीच्या दोन-अडीच हात जाड भिंती. आत लाकडी खांबांच्या रांगा. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणायचं. घर किती मोठं, हे चौरस फुटात कुणी सांगत नसे. "पाच खणांचं घर", "बारा खणांचा वाडा", असंच बोलणं. मुलगी द्यायची तर आधी खण विचारायचे.

आमच्या घरी समोरच्या सोप्यात चार खांब आणि मागच्या सोप्यात चार. लाकूड किनवटकडच्या जंगलातलं सागवान, पणजोबांनी बैलगाड्यांतून आणवलेलं. प्रत्येक खांबाखाली एक घडीव काळा दगड, जमिनीपासून वीतभर वर आलेला. त्याला तळखडा म्हणतात. खांब जमिनीत पुरलेला नसे, या दगडावर नुसता टेकवलेला असे. लहानपणी मला याचं फार आश्चर्य वाटायचं. एवढं मोठं घर दगडांवर नुसतं उभं! आजीला विचारलं तर ती म्हणायची, "माणूस तरी कुठं जमिनीत पुरलेला असतो? पाय कोरडे ठेवावेत, म्हणजे झालं."

पाय कोरडे ठेवावेत हे शहाणपण माणसाला सहज आलेलं नाही. त्यासाठी फार काळ जावा लागला. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी उत्खनन केलं आणि साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. घरं कुडाची होती. लाकूड केव्हाच मातीत गेलेलं. मग घर कुठे होतं हे कळलं कसं? जमिनीत खांबांसाठी खणलेल्या खड्ड्यांवरून. खांब कुजतो, पण खड्ड्यातली भुसभुशीत माती आजूबाजूच्या मातीहून वेगळी दिसते. त्या गोल डागांच्या ओळीवरून अभ्यासक सांगतात की हे घर गोल होतं, हे चौकोनी होतं. पुरलेल्या खांबाचा शेवट काय होतो, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कुठला असणार?

कार्ल्याच्या लेण्यातले खांब तुम्ही पाहिले असतील. सहलीला गेल्यावर आपण वरचे हत्ती आणि माणसं पाहतो. पुढच्या वेळी खाली पाहा. खांबांच्या पायाशी दगडात कोरलेले मोठे घट आहेत. अखंड डोंगरात कोरलेल्या खांबाला घटाची काय गरज? अभ्यासकांचा एक तर्क असा की त्या काळी लाकडी खांब मडक्यात उभे करत, म्हणजे वाळवी आणि ओल लागू नये, आणि दगडात कोरतानाही ती सवय तशीच उतरली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईलाही वाळवीचा त्रास होता, हे वाचून मला तिच्याविषयी आपुलकी वाटली.

हे आपल्याकडेच घडलं असं नाही. जपानमध्ये इसे इथल्या मंदिराचे खांब आजही जुन्या पद्धतीने थेट जमिनीत पुरतात आणि ते मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. त्याच देशातलं होर्यूजी मंदिर खांब दगडांवर ठेवून बांधलेलं आहे आणि ते तेराशे वर्षांहून अधिक काळ उभं आहे. नॉर्वेतही आधीच्या लाकडी चर्चचे खांब जमिनीत पुरलेले होते, ते कुजून गेले. नंतर लोकांनी दगडी पायावर आडवी लाकडं ठेवून त्यांवर खांब उभे केले आणि बाराव्या शतकातली तशी चर्च अजून टिकून आहेत. थंडीतल्या लोकांनी आणि आपल्या उन्हातल्या लोकांनी शेवटी एकच युक्ती काढली.

कारण साधं आहे. लाकूड कायम कोरडं राहिलं तर टिकतं. कायम पाण्याखाली राहिलं तरी टिकतं, कारण तिथे हवा पोचत नाही. व्हेनिस शहर पाण्याखालच्या लाकडी खुंटांवर उभं आहे ते त्यामुळेच. लाकूड कुजतं ते जिथे ओल आणि हवा दोन्ही भेटतात तिथे, म्हणजे बरोबर जमिनीलगत. वरचा खांब ठणठणीत दिसतो आणि घोट्याशी तो पोकळ झालेला असतो.

तळखड्याचा आणखी एक गुण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा. वाळवी हा त्रींद्रिय जीव. तिला उजेड सोसत नाही, म्हणून ती मातीची नळी करून तिच्या आतून चढते. खांब मातीत पुरलेला असेल तर ती आतल्या आत चढते, कळेपर्यंत उशीर होतो आणि मग विषारी औषध मारण्यावाचून इलाज राहत नाही. उघड्या दगडावरून चढायचं तर नळी दिसते. आमची आजी रोज सकाळी सोपा झाडताना प्रत्येक तळखड्यावरून कुंचा फिरवायची. नळीचा माग दिसला तर तो तिथेच थांबवायची. वाळवी परत मातीत, खांब शाबूत. तिने कधी यत्नाचारावर प्रवचन दिलं नाही. तो कुंचाच तिचा यत्नाचार होता.

आता थोडा हिशोब. मी कॉमर्सची, मला आकडा मांडल्याशिवाय समाधान होत नाही. एक खण नऊ फूट बाय नऊ फूट धरा. वर मातीचा थर दीड फूट. म्हणजे सुमारे १२१ घनफूट माती. घनफुटाला ४५ किलो धरले तर एका खणावर साडेपाच टन होतात. पावसाळ्यात माती भिजली की आणखी. आणि माळवद गळलं की त्यावर नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही, अशी रीत. त्यामुळे जुन्या घरांवर थर वाढतच जायचा. एवढं ओझं खांबांनी पेलायचं, खांबांनी ते तळखड्यावर उतरवायचं आणि तळखड्याने जमिनीत. भिंत फक्त आडोशाला. हे सगळं पायावर अवलंबून.

आणि तो पायच मी झाकायला लावला.

१९८९ च्या उन्हाळ्यात धाकट्याच्या बाळंतपणानंतर मी माहेरी होते. नांदेडच्या घरी फरशी होती, माहेरी शेणाने सारवलेली जमीन. मला सारवण नको वाटायचं. सारवताना बारीक जीव मरतात, ओल राहते, बाळ रांगतं, अशी कारणं मी अण्णांना दिली. ती खोटी नव्हती. पण खरं कारण असं की सासरची माणसं यायची होती आणि मला माहेरची लाज वाटत होती. अण्णांनी समोरच्या सोप्याला शहाबादी फरशी बसवायचं ठरवलं. गवंडी म्हणाला, भराव घालून फरशी तळखड्याच्या वरपर्यंत येईल, म्हणजे सगळं एका पातळीत, दगडांना ठेच लागायची नाही. अण्णा घुटमळले. मी म्हटलं, "अण्णा, छान दिसेल. पुसायला सोपं." चारही तळखडे फरशीखाली गेले आणि खांबाचा खालचा वीतभर भाग सिमेंटमध्ये बसला. पैसे कमी पडले म्हणून मागचा सोपा तसाच राहिला.

त्यानंतर समोरचा सोपा रोज ओल्या फडक्याने पुसला जाऊ लागला. लाकूड सुकलं की आकसतं. खांब आणि सिमेंट यांच्यात केसाएवढी फट पडते. पुसण्याचं पाणी तिथे रोज जात राहिलं. बाहेर यायला वाट नव्हती. आजी कुंचा घेऊन यायची, पण झाडायला दगडच दिसत नव्हता.

१९९२ साली किल्लारी भागात लहान लहान धक्के बसू लागले. लोक काही दिवस अंगणात झोपले, मग सवय झाली आणि आत गेले. १९९३ ची अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. आपल्या दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस. गावात गणपती विसर्जन, आमच्या घरी काकूचा उपवास. काका विसर्जनाच्या मिरवणुकीतून उशिरा आले आणि कुणाची झोपमोड नको म्हणून समोरच्या सोप्यातच आडवे झाले. काकूला उपवासाने झोप नव्हती. ती मागच्या सोप्यात खांबाला टेकून णमोकाराची माळ ओढत होती. सकाळी पारणं करायचं होतं.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आम्ही नांदेडला होतो, तिथेही भांडी पडली. किल्लारीचं नाव रेडिओवर ऐकलं तेव्हा काय घडलं असेल याची कल्पना आली नाही. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. भूकंप ६.२ ते ६.४ रिश्टरच्या आसपासचा. एवढ्या भूकंपात जगात सगळीकडे इतकी माणसं मरत नाहीत. आपल्याकडे ती घरांखाली मेली.

आमच्या घराच्या बाहेरच्या भिंती दोन्हीकडे ढासळल्या. मागच्या सोप्यावरचं माळवद खांबांवर तसंच उभं राहिलं. काकू, आजी आणि मुलं तिथून बाहेर आली. समोरचा सोपा पूर्ण बसला. काका त्यात गेले.

मी तिसऱ्या दिवशी पोचले. अण्णा ढिगाऱ्यातून काढलेल्या एका खांबापाशी उभे होते. वरून तो सागवान जसाच्या तसा, नक्षीसुद्धा शाबूत. खालचा वीतभर भाग हाताने चुरला जात होता. अण्णा एवढंच म्हणाले, "पाय कुजला होता गं." माझ्याकडे पाहिलं नाही. मीही काही बोलले नाही.

नंतर सरकारी आणि बाहेरच्या संस्थांचे इंजिनिअर गावोगाव फिरले. त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे मिळेल तिथे वाचत गेले. पहिला दोष भिंतींचा. जाड दिसणारी भिंत म्हणजे खरं तर दगडांचे दोन वेगळे पापुद्रे आणि मध्ये माती. दोन्हींना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड घातलेले नव्हते. धक्क्यासरशी पापुद्रे सुटले. दुसरा दोष छतावरच्या मातीच्या ओझ्याचा. खांबांबद्दल मात्र त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. जिथे लाकडी सांगाडा धड होता तिथे भिंती पडूनही पुष्कळ ठिकाणी छत उभं राहिलं आणि खालची माणसं वाचली. जिथे लाकूड कुजलेलं होतं, किंवा खांब आणि तुळई यांना जोडणारे तिरके आधार नव्हते, तिथे सांगाडा एका बाजूला कलून छतासकट खाली आला. आमच्या मागच्या सोप्यालाही तिरके आधार नव्हते. तो उभा राहिला हे आमचं दैव.

आणखी एक गोष्ट तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती. गावकुसाबाहेरच्या गवताच्या झोपड्यांतली माणसं बहुतेक वाचली. मेढी जमिनीत पुरलेल्या, छप्पर हलकं. झोपडी हलली, वाकली, पण अंगावर पडायला तिच्यात होतं काय! ज्यांना आपण गरीब म्हणत होतो त्यांच्याकडे त्या रात्री सुरक्षित घर होतं.

पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. इतर गावांत उभ्या असलेल्या घरांना मजबूत करायचं काम निघालं. छतावरची जादा माती काढायची, भिंतीत आरपार बांधणी घालायची, भिंतीवर काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, खांब-तुळईला तिरके आधार ठोकायचे. पण लोकांना दगड आणि लाकूड दोन्हींची धास्ती बसली होती. शेकडो वर्षांची सागवानी लाकडं ट्रकांत भरून मातीमोल भावाने गेली. आमचे मागचे चार खांबही गेले असते. आजीने ठेवून घेतले.

त्या काळात आपल्या समाजातून झालेलं एक काम मुद्दाम सांगावंसं वाटतं. शांतीलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटनेने भूकंपातली १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. वाघोलीला त्यांची राहण्या-शिकण्याची सोय झाली. घर पडल्यावर माणूस पुन्हा कशावर उभा राहतो, याचं हे एक उत्तर मी पाहिलं.

आता सूनबाईच्या प्रश्नाचं उत्तर. मिस्त्रीला बसवून मी त्याला हे सगळं सांगितलं. हे शिकायला आम्हाला काय मोजावं लागलं तेही सांगितलं. मग तो हसला नाही. आम्ही मिळून असं ठरवलं.

मांडवाचे खांब दगडावर. आमची जमीन काळी आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, म्हणून वरवरचा खड्डा कामाचा नाही. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणायचं, तिथून काँक्रीटचा पाया वर आणायचा आणि त्यावर जमिनीच्या वर वीतभर तळखडा. तळखड्यात रोवलेल्या लोखंडी बैठकीत खांब बोल्टने घट्ट. मांडवावर माळवदासारखं ओझं नाही, वाऱ्याने उचलला जाऊ शकतो, म्हणून नुसता टेकवून चालणार नाही. आणि प्रत्येक खांबाला वरच्या तुळईशी तिरके आधार. ते नसतील तर मांडव डोलतो.

कुंपणाच्या खांबाचं वेगळं. त्याला डोक्यावर तुळई नाही, शेजारचा आधार नाही, त्यामुळे त्याला जमीन धरावीच लागते. लांबीचा तिसरा हिस्सा जमिनीत. खड्ड्याच्या तळाशी आधी खडी, म्हणजे पाणी खाली निघून जाईल. काँक्रीट घालायचं तर खांबाच्या भोवतीच, बुडाखाली वाटी करायची नाही. वाटी केली की पाणी साठलंच. वरचं तोंड जमिनीच्या वर आणून बाहेर उतार द्यायचा. लाकूड आतल्या गाभ्याचं घ्यायचं, बाहेरचा फिका भाग लवकर किडतो. खांबाच्या माथ्यालाही उतार द्यायचा, म्हणजे पाणी मुरत नाही. एवढं करूनही कुंपणाचा खांब एक दिवस बदलावा लागणार, हे धरूनच चालायचं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाच्या सासरी-माहेरी जुना वाडा असेल, गावच्या मंदिराचा लाकडी सभामंडप असेल, तर एक काम करा. पुढच्या वेळी गेलात की खांबाच्या पायाशी खाली बसा. तळखडा दिसतो आहे का पाहा. नवी फरशी घालताना तो झाकला असेल तर खांबाभोवतीची चार बोटं फरशी काढायला सांगा. खांबाला जमिनीलगत बोटाने ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर सुताराला बोलवा. फरशी पुसताना खांबापाशी फडकं कोरडं ठेवा.

राहिलं ते एवढंच. १९९३ ला १ ऑक्टोबरला क्षमावाणी होती. नांदेडच्या मंदिरात सगळ्यांना उत्तम क्षमा म्हटलं, पण माहेरी गेल्यावर अण्णांसमोर तो शब्द ओठांवर आला नाही. पुढची सोळा वर्षं दरवर्षी मी त्यांना पाया पडून उत्तम क्षमा म्हणत आले, ते डोक्यावर हात ठेवत आले, आणि फरशीचं नाव दोघांनीही काढलं नाही. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी एकदा म्हटलं, "अण्णा, ती फरशी मी घालायला लावली." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हो म्हणणारा मी होतो. तळखडा का ठेवतात हे मला ठाऊक होतं. तुला ते सांगायला हवं होतं."

काकू आज नव्वदीच्या जवळ आहेत. हा लेख टाकण्याआधी मी त्यांना फोनवर वाचून दाखवला. सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, "मागच्या खांबांचं काय केलंस?" मी सांगितलं, ते चार खांब मांडवाला लागणार आहेत. त्या म्हणाल्या, "मग मांडव झाला की मला न्यायला ये. टेकून बसेन म्हणते."

उत्तम क्षमा.